शेवटच्या कडव्यातलं नाव

धुळे, १४ नोव्हेंबर १९७१

ती. पुष्पाअक्कास,
निंबाचा साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला तुझ्याकडून ओवाळून घेऊन आलो त्याला महिना होत आला, आणि मी पोचल्याचं कार्डही टाकलं नाही. रागावली असशील. रागाव, पण आधी हे पत्र वाच आणि मग हस.

आज डेपोत साहेबांनी मला बोलावलं आणि एक लांब पाकीट हातात दिलं. मला वाटलं, चला, इतकी वर्षं तिकिटं फाडली, आता बढती आली. उघडलं तर जळगावच्या कुणा वकिलाची नोटीस! तिच्यात लिहिलंय की कैलासवासी शाहीर सुपडू यांच्या समस्त रचनांचे हक्क 'शाहीर सुपडू स्मारक समिती'कडे आहेत, आणि मी, निंबा जयराम, राहणार धुळे, धंदा कंडक्टर, त्या त्यांच्या परवानगीवाचून जागोजाग गात असतो. 'विशेषतः' दवाखान्याचं गाणं मी ताबडतोब बंद करावं, नाहीतर कोर्टात खेचू. तो 'विशेषतः' मी तीनदा वाचला.

अक्का, रक्ताचा भाऊ नसलो तरी तुझ्या बापाच्या डफामागे मी सोळा वर्षं फिरलो. नानांची गाणी गायला मला परवानगी लागते, हे ऐकून नाना वरून शिव्या घालत असतील. ही समिती कोण, तुला काही ठाऊक आहे का? मला तरी एवढंच ठाऊक आहे की नानांच्या पुस्तकावर हक्क म्हणून तुझं नाव छापलंय. मग मधेच हे कोण उपटले?

'विशेषतः'मागे कोण आहे ते मात्र सांगायला नको. पितांबर आबा यंदा आमदारकीला उभे राहतायत. आपल्या फाट्यावर त्यांनी आईच्या नावाने दवाखाना बांधून आठ वर्षं झाली, डॉक्टर अजून यायचाय. परवा नरडाण्याच्या बाजारात आमच्या पथकाने तेच गाणं म्हटलं.

चिरेबंदी दवाखाना, दाराला कुलूप मोठं,
शेळी आत बाळंतीण, माणसानं जावं कोठं?

लोकांनी तीनदा म्हणायला लावलं. एक म्हातारा तर हसून हसून खाली बसला.

ते गाणं कुणाचं, हे तुला सांगायला नको. आपल्या पथकाचा नेम तुझ्यादेखत ठरलेला. शागिर्दाने गाणं बांधलं तरी शेवटच्या कडव्यात नाव वस्तादाचं. तो नेम मी नाना गेल्यावरही मोडला नाही. तू फक्त चार ओळी लिहून दे, की हक्क माझे आहेत आणि निंबाने खुशाल गावं. वकिलाच्या तोंडावर मारतो.

सुकदेवदाजींना नमस्कार. पोरांना मामाची आठवण सांग.

तुझा
निंबा


जळगाव, २५ नोव्हेंबर १९७१

चि. निंबास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे होते आणि धाकट्याला ताप होता. आता बरा आहे. ह्यांच्या ऑफिसात बदल्यांचं वारं आहे, त्यामुळे घरात जरा कटकट असते.

नोटिशीचं एवढं मनावर घेऊ नकोस. निवडणुकीच्या दिवसांत असले कागद फिरतातच. पण निंबा, मला असं वाटतं की ते एक गाणं तू चार महिने बाजूला ठेवावंस. नानांची गाणी काय तेवढीच आहेत? पोवाडा आहे, सुगीचं आहे, कानबाईचं आहे. सगळं सोडून तेच एक गायचं आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यांत भरायचं, ह्यात शहाणपण नाही. नाना असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

समितीची माणसं वाईट नाहीत असं ऐकते. नानांच्या नावाने ते फाट्यावर सभागृह बांधणार आहेत. तीनशे खुर्च्यांचं, वर गॅलरी आणि दर्शनी भागात डफाची आकृती. नकाशा फार छान काढलाय. आपल्या नानांचं नाव दगडावर कोरलं जाणार, हे तुला नको का?

चार ओळी लिहून देण्याबद्दल ह्यांना विचारून कळवते. तब्येतीला जप. बसमध्ये दारात उभा राहत जाऊ नकोस.

तुझी
पुष्पाअक्का


धुळे, २ डिसेंबर १९७१

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर घुश्श्यात होतो. मग दाजींच्या बदलीची ओळ पुन्हा वाचली आणि डोक्यात प्रकाश पडला. आबांचे हात दाजींच्या ऑफिसापर्यंत पोचले असणार. तुला धमकी दिलीय का कुणी? दिली असेल तर लिही. मी काही पैलवान नाही, पण चार माणसांत उभं राहून बोलता येतं मला.

आणि नानांनी काय सांगितलं असतं म्हणतेस? ते गाणं पहिल्यांदा नानांनीच गायलं, आबांच्या दारासमोर, आबा ओट्यावर बसलेले असताना! विसरलीस?

नानांचं पुस्तक छापणाऱ्या दलिचंदशेठच्या ओळखीचे एक वकील आहेत जळगावला, अभयकुमार म्हणून. तरुण आहेत पण डोकं चालतं. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "गाणं तुमचं, तर पुस्तकात सुपडू शाहिरांच्या नावावर कसं?" आता काय सांगणार? नाना गेले तेव्हा तुझ्या वहीत एकवीस गाणी होती. दलिचंदशेठ छापायला तयार होते, पण म्हणाले की एवढ्यात पुस्तक होत नाही, चोपडी होते, तीस तरी पाहिजेत. मग मी माझी नऊ घातली. शेवटच्या कडव्यात नानांचं नाव होतंच, कुणाला काय कळणार होतं? 'सर्व हक्क सौ. पुष्पाबाई यांचे' ही ओळसुद्धा मीच सांगून छापून घेतली. बापाचं पुस्तक लेकीच्या नावावर असावं म्हणून. वकील म्हणाले, "तुम्ही आपल्या हाताने आपलं घर दुसऱ्याच्या नावावर केलंत." मी म्हटलं, दुसऱ्याच्या नाही हो, बहिणीच्या.

बाकी आठ गाण्यांचं मला काही नाही. ती नानांचीच राहू देत. पण हे एक गाणं कसं झालं ते तुला माहीत आहे. चौसष्टच्या जून महिन्यात माझी तानू अडली. बैलगाडीत घालून दवाखान्यावर आणली. कुलूप. राखणदार चावी घेऊन आबांच्या मळ्यात गेलेला. मी खिडकीतून आत पाहिलं तर त्याची शेळी व्यालेली, दोन पिलं, खाली गवत अंथरलेलं. दोन तास आम्ही त्या कुलपासमोर बसलो. तानू तिथेच गाडीत गेली, पोटातल्या जिवासकट. तेराव्यानंतर मी गाणं बांधलं. लोक हसतात त्याचं मला वाईट वाटत नाही. रडले असते तर दुसऱ्या दिवशी विसरले असते. हसले म्हणून सात वर्षं लक्षात ठेवलंय.

गाणं त्यातून झालं, हे तिघांनाच माहीत होतं. त्यातले नाना गेले. उरलो तू आणि मी.

आता कामाचं सांगतो. नानांनी तेव्हा तुला जळगावला पत्र लिहिलं होतं, 'निंबाने दवाखान्यावर गाणं बांधलं' म्हणून. माझ्यासमोर लिहिलं होतं. वकील म्हणतात, ते एक पत्र मिळालं तर बाकी काही नको. तू नानांची पत्रं पेटीत ठेवतेस ना? तेवढं शोध. समिती दावा लावणार असं कानावर आलंय. त्यांनी लावला तर तू माझी साक्षीदार. तुझ्यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

तुझा
निंबा


जळगाव, २० डिसेंबर १९७१

चि. निंबास आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. पेटी पाहिली. खालच्या बाजूला वाळवी लागली होती, बरीच पत्रं गेली. तू म्हणतोस ते सापडलं नाही.

कोर्टाच्या पायऱ्या चढू नकोस. वकिलाला माझं नाव देऊ नकोस, मी हात जोडते. मी शाळामास्तरीण, मला तिथे उभं राहून बोलता येणार नाही. समितीला एक माफीचं कार्ड लिहून टाक, प्रकरण मिटेल.

पुष्पाअक्का


धुळे, १९ जानेवारी १९७२

सौ. पुष्पाबाईंस,

काल तुमच्या जळगावच्या कोर्टातून परत आलो. आजची ड्युटी बदलून घेतली आणि लिहायला बसलो.

परवा संध्याकाळी तुमच्याकडे उतरलो होतो. तुम्ही वांग्याचं भरीत केलंत, कळण्याच्या भाकरी केल्यात. मी म्हटलं, उद्या तारीख आहे, देवाला दिवा लावा. तुम्ही लावलात. सकाळी निघताना फडक्यात दशम्या बांधून दिल्यात आणि म्हणालात, "कोर्टात भूक लागंल, खाई ले." दारात उभ्या राहिलात. मी कोपऱ्यावरून वळून हात केला, तर तुम्ही डोळ्याला पदर लावलेला. मला वाटलं, भावाची काळजी.

कोर्टात समितीच्या वकिलांनी दोन कागद दाखल केले. पहिला हक्कपत्राचा. कै. सुपडू शाहिरांच्या सर्व रचना समितीला कायमच्या दिल्या, समितीचे अध्यक्ष पितांबर आबा. देणार, सौ. पुष्पाबाई. तारीख अकरा सप्टेंबर. दुसरा तुमचं प्रतिज्ञापत्र. 'सदर गीत माझ्या वडिलांच्या नावे प्रसिद्ध असून त्यातील शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव आहे. निंबा जयराम हा त्यांच्या पथकात डफ वाजवीत असे.' ह्याच्यावर तारीख सत्तावीस डिसेंबर.

अभयकुमार वकिलांनी ते मला मराठीतून वाचून दाखवलं. मग विचारलं, "ह्या पुष्पाबाई म्हणजे कोण तुमच्या?" मी म्हटलं, बहीण.

मी हिशोब लावत बसलो. सप्टेंबरात सही, आणि ऑक्टोबरात तुम्ही मला ओवाळलंत. 'समितीची माणसं वाईट नाहीत असं ऐकते' हे नोव्हेंबरात लिहिलंत. आणि ज्या दिवशी दिवा लावलात त्याच्या आधी तीन आठवडे तुमचा कागद तयार होता. तो दिवा कुणासाठी लावलात? दशम्या मी खाल्ल्या नाहीत. कोर्टाबाहेर एका बाईला दिल्या.

न्यायाधीश माणूस सज्जन होता. गाणं वाचताना हसला. मग मला म्हणाला, "गाणं तुमचं असं म्हणता, तर तुमचं नाव कुठे आहे?" खुद्द वस्तादाची मुलगी शपथेवर सांगते म्हटल्यावर तो तरी काय करणार? दाव्याचा निकाल लागेपर्यंत मला मनाई झाली. दवाखान्याचं गाणं गायचं नाही, छापायचं नाही, दुसऱ्याला शिकवायचं नाही.

मला शत्रू पुष्कळ आहेत, बिनतिकिटाचे प्रवासी धरले तर रोज दोन वाढतात. पण त्यांनी कुणी मला जेवू घालून मारलं नाही. तुम्ही माझ्या तानूचं मरण विकलंत. ज्याच्या कुलपापाशी ती मेली, त्यालाच विकलंत. तुम्हाला हे माहीत नसतं तर मी स्वतःची समजूत घातली असती. माहीत होतं!

निंबा


जळगाव, २ फेब्रुवारी १९७२

निंबा,

'सौ. पुष्पाबाईंस' वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. दोन दिवस हात लावला नाही. आज लिहिते ते सगळं खरं लिहिते. ह्यांनाही दाखवलेलं नाही.

आबा सप्टेंबरात आमच्याकडे आले होते. नकाशा घेऊनच आले. म्हणाले, तुझ्या बापासारखा शाहीर खानदेशात झाला नाही आणि त्याच्या नावाचा साधा दगड नाही, ही आम्हा सगळ्यांची लाज आहे. सभागृह बांधतो, पुस्तकाचे हक्क समितीला दे, म्हणजे सगळं रीतसर होईल. निंबा, मी चौथीच्या पोरांना सतरा वर्षं दुसऱ्यांच्या कविता शिकवते. एकदाही नानांचं नाव कुठल्या पुस्तकात आलं नाही. मी सही केली. त्यांना ते एक गाणं बंद करायचं आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तुझं नोटिशीचं पत्र आलं तेव्हा कळलं. तोवर पाया खणला होता.

तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी झाकत नाही.

पण प्रतिज्ञापत्र मी आबांसाठी केलं नाही. नानांचं ते पत्र आहे. वाळवी लागली नाही. पेटीतच आहे. तू म्हणतोस ते वाक्य त्यात आहे, आणि त्याच्याखाली आणखी आहे. नाना लिहितात, "सहा वर्षं झाली, माझ्याकडून एक ओळ होत नाही. बसतो आणि उठतो. निंबा बांधतो आणि नाव माझं घालतो. लोक टाळ्या देतात तेव्हा मला मान वर करवत नाही. हे तुझ्यापाशीच ठेव, कुणाला सांगू नकोस."

आता सांग, हे मी कोर्टात कसं देऊ? एक गाणं तुझं निघालं की ते विचारणार, बाकीची कुणाची? पेपरात येणार, शाहीर सुपडू शागिर्दाच्या जिवावर शाहीर होते. ज्या माणसाला तिसरीतून शाळा सोडावी लागली आणि ज्याने नुसत्या आवाजावर तीन तालुके जागे केले, त्याचं शेवटी एवढंच राहणार? बापाने कुणाला सांगू नकोस म्हटलं. मी सांगितलं नाही. एका बाजूला जिवंत भाऊ होता, दुसऱ्या बाजूला मेलेला बाप. जिवंत माणूस पुन्हा गाणं बांधू शकतो, असं मी मनाला सांगितलं.

तूही एक कर. स्वतःला विचार, की तू आम्हाला न विचारता ती नऊ गाणी पुस्तकात घातलीसच का? मोठेपणा करून मोकळा झालास. त्या मोठेपणाचं ओझं सांभाळायला मी उरले.

मी लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं असं मला वकिलांनी सांगितलं. नाव नानांचंच आहे, डफ तू वाजवतच होतास. तरी मला त्या दिवसापासून घास जात नाही.

पुष्पाअक्का


(कार्ड)
धुळे, २१ मार्च १९७२

सौ. पुष्पाबाईंस,

आबा निवडून आले, तुम्हाला पोचलंच असेल. हुकूम मी पाळला. नरडाण्याच्या सभेनंतर लोकांनी मला घेरलं, "निंबाभाऊ, म्हन ना!" मी तोंड उघडलं नाही. मग त्यांनीच म्हटलं. मनाई मला एकट्याला आहे, अख्ख्या बाजाराला नाही. शेवटच्या कडव्यात 'सुपडू म्हणे' आलं तेव्हा सगळे जोरात ओरडले. तुमच्या वडिलांचं नाव चांगलं चाललंय.

आणखी एक. अभयकुमार वकील म्हणाले होते की नानांना शब्द सुचायचे बंद झाले होते एवढं शपथेवर सांगा, साक्षीला पथकातले चौघे आणा, दावा आपला. मी नाही म्हटलं. ते मला त्या सहा वर्षांपासून ठाऊक होतं. मी रोज समोर बसलेलो असायचो. तुम्ही पेटीत दडवलंत, मी पोटात. मला विचारलं असतंत, तर दोघांनी मिळून काही वाट काढली असती.

निंबा


जळगाव, २४ ऑक्टोबर १९७२

चि. निंबास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मी सात महिने सांभाळलं.

सभागृह झालं. एकोणीस नोव्हेंबरला उद्घाटन आहे. दुष्काळात कसला समारंभ म्हणून मी कुरकुरले, पण माझं कोण ऐकतं? मागच्या रविवारी पाहून आले. दर्शनी भागात आबांच्या आईचं नाव आहे, हातभर अक्षरांत. दवाखान्यालाही तेच, सभागृहालाही तेच. नानांचं नाव आत आहे, रंगमंचाच्या कडेला, पडदा सरकवला की झाकतं. मी आबांना म्हटलं, ठरलं होतं वेगळं. ते हसून म्हणाले, "ताई, आत तर आत. नाव शे ना?"

आणि आणखी ऐक. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी पोरांकडून नानांचं सुगीचं गाणं बसवून घेत होते. समितीच्या चिटणिसाचं पत्र हेडमास्तरांना आलं, लेखी परवानगी घ्या. माझ्या बापाचं गाणं, निंबा. ते मी त्यांच्या मांडीवर बसून शिकले होते. हेडमास्तरांनी कार्यक्रमातून काढून टाकलं.

उद्घाटनाला कुणीतरी नानांचं गायला हवं. दुसरं कुणी गातं ते मला ऐकवत नाही. मी चिटणिसांशी बोलले आहे, तुला एका दिवसाची परवानगी देतात, दवाखान्याचं सोडून कुठलंही. तू ये. आबांसाठी नको, माझ्यासाठीही नको. नानांसाठी ये. त्याआधी भाऊबीज आहे. पाट मांडून ठेवीन.

मी चुकले. मागच्या पत्रात तसं लिहिताना खूप कारणं जोडली होती. आज नुसतं तेवढंच लिहिते.

तुझी
पुष्पाअक्का


धुळे, १२ नोव्हेंबर १९७२

सौ. पुष्पाबाईंस,

भाऊबीजेला आलो नाही. पाट मांडून ठेवणार असं लिहिलंत, तो मांडला असेल तर उचलून ठेवा.

एकोणीस तारखेलाही येणार नाही. रागाने म्हणत नाही, राग होता तेव्हा होता. नानांची एकवीस गाणी मला तोंडपाठ आहेत, माझी आठही. पण चिटणिसाची चिठ्ठी खिशात घेऊन नानांपुढे उभं राहायचं मला जमणार नाही. सुगीच्या गाण्याचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तुम्हाला जे आता एका गाण्यापुरतं कळलं, ते मी वर्षभर भोगतोय, आणि ते तुम्ही दिलेलं आहे. नानांचं सगळं तुम्हीच पितांबर आबांना लिहून दिलंत. ते परत आणायला मी कुठून सही करू?

दाव्याचं विचाराल. मी तो लढवणं सोडून दिलं. अभयकुमार वकील चिडले, अजून चिडलेत. पण जिंकायचं तर नानांची ती सहा वर्षं उघडी करावी लागली असती, आणि तुमच्यावरचा राग मला त्या म्हाताऱ्यावर काढायचा नव्हता. तेव्हा कागदोपत्री आता ते गाणं कायमचं शाहीर सुपडूंचं झालं. मी पथकही मोडलं. डफ पोराटोरांना दिला.

महिन्याभरापासून माझी ड्युटी आपल्या रस्त्याला लागलीय. दुष्काळी कामावर जाणारी माणसं असतात, बस खच्चून भरलेली. फाटा आला की बेल मारायची आणि थांब्याचं नाव पुकारायचं. एस.टी.च्या कागदात त्या थांब्याचं नाव 'दवाखाना' आहे. दिवसातून चार वेळा मी दारात उभा राहून ओरडतो, "दवाखाना! कोन उतरस?" सभागृहाचे गवंडी उतरतात, खडी फोडणाऱ्या बाया उतरतात. दवाखान्यात जायला कुणी उतरत नाही. कुलूप अजून तेच आहे, फक्त गंजलंय.

गेल्या सोमवारी एक पोरगी बसमध्ये होती, दिवस भरत आलेली, सोबत सासू. सासूने मला विचारलं, "भाऊ, आठे डाक्टर शे का?" मी म्हटलं, नई, इथे डॉक्टर नाही. पुढे धुळ्याला सिव्हिलला न्या, आठे उतरू नका. ती म्हणाली, "मंग एवढा मोठा दवाखाना कसाले बांधा?" गाडीतले चार जण हसले. एकाने गाणं सुरू केलं, 'चिरेबंदी दवाखाना', आणि माझ्याकडे बघायला लागला, की हा पुढची ओळ उचलेल.

मला काय झालं कोण जाणे. मी त्याला हाताने थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मनी बायको आठेच गई. तानुबाई तिन्हं नाव. चौसष्ट साले, ह्या कुलूपम्होरे, बैलगाडीमा." बस्स, एवढंच. आठ वर्षांत मी हे मोठ्याने पहिल्यांदा बोललो. कुणी हसलं नाही. ज्याने गाणं सुरू केलं होतं त्याने टोपी काढली. पोरगीला आम्ही धुळ्याला पोचवलं, ड्रायव्हरने मधले दोन थांबे घेतलेच नाहीत. मुलगी झाली.

तेव्हापासून रोज सांगतो. थांबा आला की बेल मारतो, नाव पुकारतो आणि तेवढं सांगतो. आबांचा एक माणूस परवा बसमध्ये चढून ऐकून गेला. समितीच्या वकिलाला दाखवायला तुम्हाला लागेल म्हणून इथे लिहून देतो. हे गाणं नाही. ह्याला चाल नाही, कडवं नाही, आणि ह्याच्याखाली नानांचं नाव नाही. हे माझं आहे. नोटीस पाठवायची असेल तर पत्ता तुमच्याकडे आहेच.

निंबा जयराम
कंडक्टर, धुळे डेपो